वेशीबाहेरच्या मालतीबाई

रणपिसे बाईंच्या टायपिंगच्या क्लासात खोडरबर आणायला बंदी होती. दुसऱ्या कुठल्याही क्लासात टाइपरायटरशेजारी तो गोल, ब्रश लावलेला रबर हमखास दिसायचा. इथे कोणाच्या खिशातून निघालाच, तर बाई तो दोन बोटांत धरून खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवत आणि "जाताना आठवणीने न्या" म्हणत. मशीनमध्ये घातलेला कागद पान भरेपर्यंत काढायचा नाही, हा दुसरा नियम. पहिल्याच ओळीत चूक झाली तरी तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत न्यायचा. कोणी कुरकुरत मागे वळून पाहिलं की बाई म्हणत, "झालं ना? दिसतंय मला. पुढे."

मी अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हा मला नारायण पेठेतल्या एका तीन मजली इमारतीत जागा मिळाली. तळमजल्यावर केळकरांचं वह्यांचं दुकान, मधल्या मजल्यावर बाईंचा क्लास आणि वरच्या खोलीत मी आणि समीर. समीर माझ्याच कंपनीत होता, पुण्यातच शिकलेला. तेव्हा शहरात जिकडेतिकडे नव्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या आणि आम्ही दोघं ऐटीत प्रोग्रामर म्हणवून घेत होतो. मी मात्र कीबोर्ड दोन बोटांनी बडवायचो. कंपनीत हसं व्हायला लागलं तेव्हा खालच्या मजल्यावर जाऊन सकाळच्या बॅचला नाव घातलं.

"अहो अकोलेकर," बाई दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "टाइपरायटर आहे तो. तबला नाही."

माझं आडनाव वेगळंच आहे, असं मी सांगितलं. "असू दे. पुणेकर होईपर्यंत हेच चालवा," असं उत्तर मिळालं. पुढे जितकी वर्षं ओळख राहिली तितकी वर्षं मी अकोलेकरच राहिलो.

बाई तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे होत्या. उंच, किरकोळ अंगाच्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, त्यामुळे वेळ बघताना हात असा वळवत की समोरच्याला वाटावं, काहीतरी द्यायला पुढे केलाय. बिबवेवाडीहून बसने येत. लग्न केलेलं नव्हतं आणि का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. सोळा वर्षांच्या पोरालाही अहो-जाहो करत आणि त्या अहो-जाहोतूनच त्याची सालटी काढत. स्वभावाने हट्टी. एखाद्यावर रुसल्या तर महिनोन् महिने रुसत.

केळकरांवर अशाच रुसल्या होत्या. बाहेर पाटी होती, 'रणपिसे टंकलेखन वर्ग'. केळकर माणूस वाईट नव्हते. एकदा दुकानात चहा पिताना ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, पाटीवर नुसतं 'प्रगती' लिहा ना. लोक कसे असतात, तुम्हाला माहितीच आहे. आडनाव वाचून काही जण जिना चढतच नाहीत."

बाईंनी चहा शांतपणे संपवला. "बरंच आहे की. जिना जुना झालाय, तेवढंच वजन कमी."

त्यानंतर त्या दुकानात चहाला गेल्या नाहीत. दिवाळीच्या आधी पाटी रंगवून घेत तेव्हा आडनावाची अक्षरं दर वेळी आधीपेक्षा जराशी मोठी निघत.

मग टाइपरायटरचे दिवस फिरले. सरकारी परीक्षेला बसणारी मुलं तेवढी उरली, बाकीची पोरं कॉम्प्युटरच्या क्लासांकडे वळली. बाईंनी चार मशीनं विकली आणि त्यांच्या जागी दोन कॉम्प्युटर आणले, इंटरनेटही घेतलं. रविवारी क्लासला सुट्टी असे. बाई मात्र उरलेल्या मशीनना तेल घालायला येत. समीरने त्यांना विचारलं, रविवारी दुपारी आम्ही एक कॉम्प्युटर वापरला तर चालेल का? बाई म्हणाल्या, चालेल, पण चपला बाहेर काढायच्या.

समीरने आणि त्याच्या कॉलेजच्या मित्रांनी मिळून एक खेळ लिहिला होता. तो ज्यावर चालायचा ते यंत्र, म्हणजे सर्व्हर, त्यांच्यातल्या एकाच्या ऑफिसात ठेवलेलं असे आणि पुण्या-मुंबईची, बंगलोरची, अगदी अमेरिकेत गेलेली पोरंसुद्धा त्यात येऊन खेळत. चित्रं अजिबात नव्हती. सगळं इंग्रजी अक्षरांत. पडद्यावर ओळी उमटत: तुम्ही गावाच्या वेशीवर उभे आहात, उत्तरेला जंगल आहे, अंधार पडतोय. मग तुम्ही टाइप करायचं, उत्तरेला जा. जंगलात लांडगा भेटला तर टाइप करायचं, लांडग्याला मार. सुरुवातीला प्रत्येकाने आपलं एक पात्र घ्यायचं, त्याला नाव द्यायचं, व्यवसाय द्यायचा आणि हळूहळू ते मोठं करायचं. या खेळाचा एक कडक नियम होता. इथे मेलं की मेलं. पुन्हा खेळायचं तर नवं पात्र घेऊन पहिल्यापासून सुरुवात.

बाई तेलाची कुपी हातात घेऊन मागे उभ्या राहिल्या. बराच वेळ वाचत होत्या.

"हे वाचनालय आहे की मारामारी?"

"दोन्ही आहे बाई," समीर म्हणाला. "बसा ना, ट्राय करा."

बाई हात पुसून बसल्या. नाव विचारलं तेव्हा त्यांनी 'मालती' असं टाइप केलं.

"बाई, खरं नाव नाही टाकायचं. लोक काहीतरी भारी घेतात. कालभैरव, शॅडो वगैरे."

"का? मी काय दरोडा घालायला चाललेय?"

व्यवसायात त्यांनी धनुर्धर निवडलं. का, विचारल्यावर म्हणाल्या, "लांबून बघता येतं. जवळ जायचं की नाही ते मग ठरवायचं."

आम्हाला वाटलं होतं, एक दिवसाची गंमत. पण पुढच्या रविवारी आम्ही खाली गेलो तर खुर्चीवर बाई. त्यांचा हात इतका चपळ की समोरचा वाक्य पुरं करेपर्यंत यांचे बाण सुटलेले असत. महिन्याभरात मालतीचा गावात दबदबा झाला. समीर कौतुकाने सगळ्यांना सांगायचा, "ती मालती आहे ना, ती खरंच मालती आहे."

त्या चपळाईनेच घात केला.

जंगलात एका जागी लांडगा होता. बाईंनी नेहमीच्या सपाट्याने इंग्रजीत 'लांडग्याला मार' असं टाइप केलं. त्याच जागी एक खेळाडू उभा होता. त्याने आपल्या पात्राचं नावच 'वुल्फ' ठेवलेलं. एकाच नावाचा माणूस आणि जनावर एकत्र असले तर यंत्र आधी माणूस धरायचं. पडद्यावर ओळ आली: तुम्ही वुल्फला ठार केलंत.

बाईंच्या आधी आम्हाला कळलं. समीर "ओ शिट" म्हणून उठला. पाठोपाठ सगळ्यांना दिसेल अशा जागी वुल्फच्या मालकाच्या शिव्या यायला लागल्या, रोमन अक्षरांतल्या अस्सल मराठी शिव्या. उन्हाळ्याची सगळी सुट्टी सायबर कॅफेत बसून त्याने ते पात्र वाढवलं होतं. शेवटी तो निघून गेला. मालतीच्या नावापुढे यंत्राने आपोआप एक शब्द जोडला: खुनी. हा शिक्का कायमचा असे. शिक्का बसलेल्याला पहारेकरी वेशीच्या आत घेत नसत, दुकानदार काही विकत नसत.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या.

"बाई, काही नाही हो," समीर म्हणाला. "असं झालं की सगळे काय करतात, हे पात्र सोडून देतात आणि नवं घेतात. पाच मिनिटांचं काम. आम्ही मदत करू, दिवाळीपर्यंत होती तिथे येते तुमची मालती."

"आणि मग त्या मुलाला कोणी मारलं?"

"म्हणजे?"

"मालती गेली. मी दुसरीच कोणी होऊन गावात हिंडतेय. मग त्याला मारलं कोणी? कोणीच नाही?"

  बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि मालतीला चालवत वेशीपर्यंत आणलं. पहारेकऱ्याने हटकलं. बाईंनी ती ओळ वाचली आणि कोरडं हसल्या.

"गावकुसाबाहेर कसं उभं राहायचं, हे शिकायला मला तुमचा कॉम्प्युटर नको होता," त्या म्हणाल्या.

 आम्ही दोघं खाली बघत राहिलो. बाईंनाच आमची दया आली असावी. "चहा सांगा हो अकोलेकर," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून मालती वेशीबाहेर राहिली. खेळात नवं येणारं पात्र जंगलाच्या टोकाला जन्माला येई आणि गावात पोचेपर्यंत लांडगे नाहीतर चोर त्याला गाठत. बरेच नवखे त्या वाटेवरच मरत. बाईंनी त्या वाटेवर फेऱ्या घालायला सुरुवात केली. नवखा दिसला की त्याच्या पुढे चालायचं, आडवं येणाऱ्याला बाण मारायचा, वेशीपाशी आणून सोडायचं आणि मागे फिरायचं. पहिल्या काही आठवड्यांत नवखे मालतीच्या नावापुढचा शब्द वाचून उलटे पळत आणि लांडग्याच्या तोंडी जात. बाई चिडत. "अहो, पळताय कुठे? तिकडे लांडगा आहे," असं रोमन अक्षरांत मराठी टाइप करत. मग हळूहळू आतली मंडळीच नवख्यांना सांगायला लागली: वाटेवर 'खुनी' लिहिलेली मालती भेटेल, तिच्या मागोमाग या. कोणीतरी त्यांना 'वेशीबाहेरच्या बाई' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. आतल्यांपैकी कोणी त्यांना बाण आणून देई, कोणी औषध. बाई घेत, पण दर वेळी बदल्यात कोल्ह्याचं कातडं नाहीतर काहीतरी दिल्याशिवाय राहत नसत.

पुढे पावसाळ्यात एकदा रविवारी जिन्यावर पावलं वाजली. दारात एक मुलगा, पॅंटच्या घड्या चिखलाने माखलेल्या. वाघोलीच्या पुढच्या गावातला, तिकडच्याच कॉलेजात शिकणारा. समीरकडून खेळातच नुसता पत्ता काढून आला होता. नाव नीलेश.

"हितं मालती कोण हाय?" त्याने आम्हा दोघांकडे बघून दमात विचारलं.

बाई कॉम्प्युटरवरून उठल्या. "मी. बसा. तुम्हाला मी मारलं."

नीलेशचं तोंड उघडंच राहिलं. मारामारीच्या तयारीने आला होता बिचारा. "मॅडम... तुमी?"

"हो. चुकून. पण मीच."

"मला वाटलं, कोन तरी माजल्यालं पोरगं आसंल," तो म्हणाला. मग ओशाळून खुर्चीच्या कडेवर टेकला. बाईंनी नेमकं काय झालं ते त्याला सांगितलं, लांडग्यासकट. तो आधी ऐकत होता, मग हसायला लागला. "मंजी मी लांडगा म्हनून मेलो व्हय?"

"दुसरं पात्र घेतलंत का?"

"घेतलं की. वुल्फ टू."

"अहो, नाव तरी बदला," बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "पुन्हा मराल."

तो जाताना बाईंनी त्याला कॉलेजात टायपिंग शिकवतात का विचारलं. नाही म्हणाला. पुढच्या शनिवारपासून तो वाघोलीहून दोन बस बदलून क्लासला यायला लागला. खोडरबराचा नियम त्यालाही ऐकवला गेला.

आता वुल्फचाच राग गेला म्हटल्यावर समीरला राहवेना. खेळ त्याचाच होता. एका रविवारी तो म्हणाला, "बाई, तो शिक्का मी आतून पुसून टाकतो. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"तेच तर नको."

"अहो पण का? नव्याने सुरुवात करण्यात वाईट काय आहे?"

बाई तेव्हा एका मशीनची फीत बदलत होत्या. बोटं काळी झाली होती. हातातलं काम न थांबवता त्या बोलल्या, आणि एकदम इतकं बोलताना मी त्यांना तेव्हाच काय ते ऐकलं.

"वाईट कोण म्हणतंय? माझ्या वडिलांनी केलीच की सुरुवात. दारूगोळ्याच्या कारखान्यात हेल्पर होते. छप्पन साली नागपूरला जाऊन आले, बौद्ध होऊन. मी काखेतली होते. आई सांगायची, स्टेशनवरून घरी यायला त्यांना संध्याकाळ झाली, कारण वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला थांबवून सांगत होते. घरातले देव स्वतः नदीवर नेऊन सोडले, दिवसाउजेडी. चाळीतले लोक बघत होते. ते आतून पुसून आले नव्हते, समीर. काल काय होतो आणि आज काय आहे, दोन्ही सांगून झाले होते. नवं व्हायचं तर चारचौघांत व्हावं." मग फीत खटकन बसवली. "गुपचूप पुसायचं ते फळ्यावरचं."

समीरने थोडा विचार केला. "मग चारचौघांत पुसू?"

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "त्या मुलाला विचारा आधी."

ठरलं. समीरने खेळात सगळ्यांना कळवलं. त्या रविवारी दुपारी वेशीपाशी इतकी पात्रं जमली की पडद्यावर नावांची यादीच संपेना. अमेरिकेतली पोरं तर कोंबडं आरवायच्या आधी उठून आली होती. क्लासात आम्ही तिघं आणि नीलेश. नीलेशने दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: मी वुल्फ. हिने मला मारलं, ते चुकून मारलं. माझी काही तक्रार नाही. मग समीरने शब्द काढला. मालतीच्या नावापुढची जागा रिकामी झाली.

पलीकडून टाळ्या, शिट्ट्या, काय काय टाइप होऊन येत होतं.  मालती वेशीतून आत गेली. पहारेकरी गप्प राहिला. गावाच्या चौकाचं वर्णन पडद्यावर उमटलं. आम्ही ते इतक्या वेळा पाहिलं होतं की वाचायचं सोडूनच दिलं होतं. बाईंनी ते सावकाश, ओळ न् ओळ वाचलं.

"इथे विहीर आहे की," त्या म्हणाल्या.

"हो, ती नुसती शोभेला आहे," समीर म्हणाला. "म्हणजे कमांड चालते, पण तिचा उपयोग काही नाही."

बाईंनी पाणी प्यायची आज्ञा टाइप केली. ती मात्र त्यांनी एकेक अक्षर बघून टाइप केली.

पडद्यावर आलं: तुम्ही विहिरीचं पाणी प्यालात. पाणी गार आहे.

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. नीलेश काहीतरी बोलणार होता, मी त्याच्या हातावर हात ठेवला. खालून केळकरांच्या दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. "चला," बाई म्हणाल्या, "वाटेवर कोणी आलंय का बघू," आणि मालतीला घेऊन पुन्हा बाहेर गेल्या.

पुढे दोन-तीन वर्षांनी चित्रांचे खेळ आले. डोंगर, ढग, तलवारींची चकाकी, सगळं डोळ्यांसमोर. पोरं भराभर तिकडे गेली, समीरही गेला. त्याने हौसेने बाईंनाही एकदा बसवलं. पात्राचा चेहरा निवडायचा होता. बाई एकेक चेहरा बघत गेल्या. सगळे तरणेताठे, पिळदार.

"यात म्हातारी नाही का?"

"नाही बाई. केस पांढरे करता येतात, पण चेहरा हाच राहतो."

"मग राहू दे. माझी आहे ती बरी आहे."

अक्षरांच्या त्या खेळात शेवटी चार-दोन माणसंच उरली, मग ते यंत्रही बंद झालं. त्या शेवटच्या दिवशी बाई आल्या होत्या का, समीरला आठवत नाही. क्लासही त्याच सुमारास बंद झाला. मी तोवर लग्न करून कोथरूडला राहायला गेलो होतो. एकदा पेठेत गेलो तर त्या जागेत मोबाइलचं दुकान होतं. केळकर म्हणाले, "बाई जाताना चहा पिऊन गेल्या हो माझ्याकडे. स्वतःहून." एवढं बोलून ते बराच वेळ वह्यांचे गठ्ठे उगाच सारखे करत राहिले.

त्यानंतर एकदाच त्या मला दिसल्या. बिबवेवाडीत मी एका नातेवाइकाकडे मुक्कामाला होतो आणि सकाळी दूध आणायला खाली उतरलो होतो. कोपऱ्यावर एका कंपनीची बस उभी. परदेशातले डॉक्टर आपल्या पेशंटबद्दल टेपवर बोलून ठेवतात, ते ऐकून इथे टाइप करून देणाऱ्या कंपन्या तेव्हा पुण्यात निघाल्या होत्या, त्यांपैकी एक. विशी-बाविशीची पोरं-पोरी चढत होती आणि त्यांच्यात बाई. केस पूर्ण पिकलेले, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात ओळखपत्र.

मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं आणि ओळखायला क्षणही लागला नाही. "अकोलेकर! अंगाने सुटलात वाटतं."

"बाई, तुम्ही इथे?"

त्यांनी ओळखपत्र माझ्यासमोर धरलं. नावाखाली छापलं होतं: ट्रेनी. "सहा महिने चाचणी," त्या म्हणाल्या. "माझी साहेब माझ्या भाचीएवढी आहे. रोज ओरडते. डॉक्टर काय पुटपुटतात कळत नाही हो, तोंडात जिलबी धरून बोलतात. पण जमेल." आणि त्या हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना नारायण पेठेत कधी पाहिलं नव्हतं.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बाई चढायला गेल्या आणि पायरीवरच थांबल्या. रस्त्याच्या त्या टोकाकडून एक मुलगी धावत येत होती, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने सुटलेली वेणी धरलेली. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न वाजवला, बस थोडी सरकवली. बाईंनी एक पाय पायरीवर आणि एक खाली रस्त्यावर ठेवला, दांडा घट्ट धरला.

"अहो, थांबा की. येतेय ती," त्या आतल्या अंगाला ओरडल्या.

ड्रायव्हर काहीतरी बोलला. बाई जागच्या हलल्या नाहीत. मुलगी धापा टाकत पोचली, बाईंनी तिचा डबा घेतला, तिला आधी वर चढवलं आणि मग स्वतः आत गेल्या. दार लागलं. बस वळेपर्यंत मी दुधाची पिशवी धरून तिथेच उभा होतो.